खोकं कुणाचं, टीव्ही कुणाचा

संतोषशी मी आजही बोलत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी आमची दिलजमाई होईल या आशेवर कोणी पुढे वाचत बसायला नको. तो माझा चुलतभाऊ, माझ्याहून थोडाच मोठा, आणि हिंजवडीजवळच्या चांद्याच्या घरात आम्ही दोघं एकाच ताटातून जेवून वाढलो. आता लग्नाकार्यात समोरासमोर आलो तर मी पदर सावरायचं निमित्त करते आणि तो खिशातून फोन काढतो. आमच्या पोरांना वाटतं, यांचं जमिनीवरून बिनसलं असणार, कारण आमच्या भागात सगळ्यांचंच जमिनीवरून बिनसलेलं असतं. पण जमीन आमच्या बापांची होती आणि तिच्यावरून भांडलेही तेच. आमचं दोघांचं वैर एका जुन्या कॉम्प्युटरपायी जडलं, आणि त्या वैराने मला जे दिलं ते घरातल्या कुणाच्या मायेने दिलं नसतं. म्हणून ते नीट लिहून ठेवते आहे.

तेव्हा घर एकत्र होतं. माझे वडील अण्णा थोरले, संतोषचे वडील तात्या धाकटे. दोन भाऊ, दोन जावा आणि एक चूल. आई भाकरी थापायची आणि काकी भाजायची. दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलायच्या नाहीत, पण तांदळाची पातळ भाकरी या हातातून त्या हातात अलगद जायची, कधी फाटली नाही. कालवणात मीठ कमी पडलं की काकी भिंतीकडे बघून म्हणायची, "आमच्या म्हायेरी असं अळणी खात न्हाईत," आणि दुसऱ्या दिवशी आई एवढं मीठ टाकायची की सगळ्यांना घटाघटा पाणी प्यावं लागायचं. आमच्या घरात कुणी कुणाला मारत नसे, शिवीगाळही फारशी नव्हती. सगळे फक्त लक्षात ठेवत. कुणाच्या पोराला दुधावरची साय जास्त मिळाली, कुणाच्या बापाने बैलाला पाणी दाखवलं नाही, हे सगळं वर्षानुवर्षं साठवलेलं असायचं आणि वेळ आली की बाहेर निघायचं. हिंजवडीकडे दिवसभर डंपर धावू लागले तेव्हा मागच्या वावरात अण्णांनी पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि कंपन्यांत कामाला आलेल्या बाहेरगावच्या पोरांना भाड्याने दिल्या. त्यांच्या खोल्यांतून येणारी हिंदी गाणी, अंगणातल्या नळाचं पाणी आणि काकीची पुटपुट, हे माझ्या लहानपणीचे मुख्य आवाज.

त्या भाडेकरूंत वानखेडे म्हणून एक होते, अकोल्याकडचे. त्यांना दुसरीकडे नोकरी लागली, कंपनीने हातात लॅपटॉप दिला, आणि खोली सोडताना त्यांनी आपला जुना कॉम्प्युटर आमच्या पडवीत आणून ठेवला. "काका, हे राहू द्या इथंच. पोरायच्या कामी येईल," ते अण्णांना म्हणाले. माणूस भला होता, पण एक घोळ करून गेला. तो कॉम्प्युटर त्याने कुणा एकाच्या नावाने दिला नाही. 'पोरायच्या' म्हणाला, आणि घरात पोरं दोन होती. काकीने लगेच नारळ फोडला आणि त्या काचेच्या पडद्यावर कुंकवाचा टिळा लावला, म्हणजे पहिला हात तिचा लागला. मग आईने येऊन त्या टिळ्याशेजारी दुसरा टिळा लावला. ते दोन्ही डाग पुढे कधी पूर्ण निघाले नाहीत.

कॉम्प्युटरबरोबर वानखेड्यांनी सीड्यांनी भरलेला बुटांचा एक डबाही ठेवला होता. मासिकांबरोबर फुकट मिळालेल्या सीड्या त्या. संतोषने त्या चाळून बघितल्या, त्यात एकही गेम नाही असं कळल्यावर डबा पायाने माझ्याकडे सरकवला. मी त्यातली एक सहज आत घातली आणि मशीन सुरू केलं. ड्राइव्ह खरखरला, मग बराच वेळ नुसती घुंई चालली, मला वाटलं बिघडलं. आणि एकाएकी पडद्यावर रोजचं निळं आकाश आणि हिरवं कुरण येण्याऐवजी तपकिरी रंगाचं काहीतरी भलतंच आलं. बटणं वेगळ्या ठिकाणी, चित्रं वेगळी, नावं वेगळी. मशीन तेच, वायरी त्याच, आणि आत दुसरंच कुणीतरी राहायला आलेलं. विंडोज म्हणजेच कॉम्प्युटर अशी माझी समजूत होती. ती त्या दुपारी गेली. मशीनला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, आणि ती आपल्याला बदलता येते! आमच्या घरात मला काहीच बदलता येत नव्हतं. मी काय घालायचं, कुणाच्या आधी जेवायचं नाही, कुठल्या वाटेने जायचं, सगळं माझ्या जन्माआधी ठरलेलं. त्या खोक्याच्या आतलं मात्र मी एक सीडी घालून मुळापासून बदलू शकत होते. याचा मला जो आनंद झाला तो मी कुणाला सांगितला नाही. सांगितला असता तर काढून घेतला असता.

मग मी डबा संपवायला घेतला. त्या सीड्यांत लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम होती, आणि तिच्याच किती तऱ्हा होत्या! एक सीडी एवढ्याशा जागेत मावायची आणि त्या म्हाताऱ्या मशीनवरही तुरुतुरु चालायची, पण तिच्यात आवाजच नव्हता. एक दिसायला देखणी, पण सुरू व्हायला इतका वेळ घ्यायची की तेवढ्यात मी गोठा झाडून यायचे. एकीत नुसत्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, माऊस चालायचाच नाही, सगळं टाईप करून सांगायचं. तिच्याशी माझं आठवडाभर भांडण चाललं आणि शेवटी तिनेच मला सर्वांत जास्त शिकवलं. शेवटी माझं मन बसलं ते एका साध्या सीडीवर. ती बसवताना पडद्यावर फार चित्रंबित्रं नसत, एकामागून एक प्रश्न येत आणि बाण नि एंटर दाबत पुढे जायचं. बसवून झाली आणि मशीन चालू झालं की छोट्या ढोलकीवर कुणी चार बोटं टाकावीत तसा एक गोड सूर वाजायचा. ती मी इतक्या वेळा पुसली आणि इतक्या वेळा बसवली की कुठला प्रश्न कधी येतो, कुठे बाण खाली न्यायचा, कुठे ड्राइव्ह थांबून पुन्हा फिरतो, हे मला पाठ झालं. आजच्या पोरांना हा वेडेपणा वाटेल. माझी मुलगी फोन नवा घेते आणि त्याच्या आत काय आहे ते तिला विचारावंसंही वाटत नाही.

संतोषला हे अर्थातच खपलं नाही. त्याचे गाड्या पळवायचे गेम विंडोजवर होते, आणि मी पहिल्यांदा डिस्क पुसली तेव्हा ते सगळे गेले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याने अंगणात उभं राहून बोंब ठोकली, तात्यांनी अण्णांना सुनावलं, अण्णांनी मला. मग विंडोज पुन्हा आलं आणि मी डिस्कचे दोन भाग केले, एकात त्याचं, एकात माझं. मशीन चालू केलं की दोन नावं दिसायची आणि थोडा वेळ कुणी काही दाबलं नाही तर वरचं नाव आपोआप सुरू व्हायचं. मी माझं नाव वर ठेवलं होतं. ते खाली कसं आणायचं हे त्याला कधी समजलं नाही, म्हणून तो माझ्या आधी येऊन खुर्ची अडवायचा, आणि मी काही करत बसले असले की भिंतीवरचं बटण खाली पाडून निघून जायचा. "लाईट गेली वाटतं," असं वर म्हणायचा. पंखा डोक्यावर फिरत असायचा.

या सगळ्याला धार आली ती बारावीच्या निकालाने. मी चांगल्या मार्कांनी पास झाले, संतोष नापास झाला. मला कॉम्प्युटरचं कॉलेज हवं होतं. समोर लवळ्याचा डोंगर, त्याच्यावर मोठमोठी कॉलेजं उभी राहिलेली. संध्याकाळी तिथले दिवे आमच्या अंगणातून दिसायचे. मी जेवण वाढता वाढता अण्णांजवळ विषय काढला. अण्णांनी ताटातून मान वर केली नाही. "घरात कंप्युटर हाय की," ते म्हणाले. "त्याच्याव शिक काय शिकायचं ते. कालेजात तरी दुसरं काय आसतंय?" आई म्हणाली, दिवाळी झाली की घोटावड्याचे पाव्हणे बघायला येणार आहेत. म्हणजे पडवीतलं ते मशीन हेच माझं कॉलेज, आणि त्याची मुदत दिवाळीपर्यंत. मी ते पदरात पाडून घेतलं. सकाळची कामं उरकून मी रोज शाळेत बसावं तशी त्याच्यासमोर बसू लागले.

आणि त्याच श्रावणात घर फुटलं. रस्त्याकडेचं वावर विकलं गेलं, पैसा आला, आणि एकत्र राहायला आता कुणाला कारण उरलं नाही. वाटणी करायला पौडहून मामा आले. ते अण्णा-तात्यांचे सख्खे मामा, शब्दाचे कडक, तंबाखूशिवाय कशालाही तोंड न लावणारे. वाटणी पुरी होईपर्यंत ते दोन्हीकडचा चहा पीत नसत, मिंधेपणा नको म्हणून. आमच्याकडे रीत अशी की थोरल्याने वाटे लावायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरला लबाडी करत नाही, कारण कमी पडलेला वाटा त्याच्याच पदरात येणार. अण्णा एकेक वस्तू अंगणात मांडत होते. हंडे, पराती, जातं, बैलगाडीची चाकं, देवघरातले टाकसुद्धा. दोन ढीग व्हायचे, तात्या एकावर हात ठेवायचे, मामा "उचललं" म्हणायचे आणि विषय संपायचा.

मग पडवीतून कॉम्प्युटर निघाला. मामांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. अण्णांनी थोडा विचार केला, आणि वायरी उपटून दोन वाटे लावले. एका बाजूला पडदा, ज्याला घरात सगळे टीव्ही म्हणत. दुसऱ्या बाजूला खोकं, आणि टीव्हीपुढे खोकं अगदीच हलकं वाटलं म्हणून त्याच्यासोबत कीबोर्ड, माऊस, दोन स्पीकर आणि माझा सीड्यांचा डबा. वाटे आता सारखे झाले, अशा समाधानाने ते बाजूला झाले. मी दारातूनच म्हणाले, "मामा, ते एकच हाय. एकाबिगर दुसरं चालत न्हाई."

"वाटनीत पोरींनी बोलायचं नसतंय," मामा माझ्याकडे न बघता म्हणाले.

आई मला आत ओढायला लागली. पण मी संतोषकडे बघत होते. त्याला ठाऊक होतं. आख्ख्या अंगणात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं की हे असं तोडलं तर दोन्हीकडे नुसती अडगळ होते. त्याने तोंड उघडलं असतं तर तो पोरगा होता, त्याचं ऐकलं असतं. तो तात्यांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "टीव्ही उचला." तात्यांनी टीव्हीवर हात ठेवला. मामा म्हणाले, "उचललं." संतोष माझ्याकडे बघून अगदी बारीक हसला. त्याचे गेम कायमचे गेले होते आणि तो खूश होता, कारण माझंही गेलं होतं.

माणसाचा एवढा राग मी त्याआधी कधी केला नव्हता आणि नंतरही नाही. पडवीच्या मधोमध विटांची भिंत आली. चुली दोन झाल्या. काकीने टीव्ही आपल्या पुढच्या खोलीत मांडला, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि रुमालावर प्लास्टिकची फुलं ठेवली. मी नळावर हंडा भरायला गेले की उघड्या दारातून तो मला दिसायचा, आणि मी बघते आहे हे लक्षात आलं की काकी उठून फुलं सारखी करायची. मी अण्णांना म्हणाले, नुसता पडदा तरी आणा. "वाटनीत आलं त्यात भागवायचं," अण्णा म्हणाले. "खोकं हाय की. तुजंच हाय आता." ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की वाटणीत वाईट वाटा आपल्याला आला आणि तो आपण मर्दासारखा सोसला.

दिवाळी जवळ येत होती. एका दुपारी मी खोकं भिंतीलगतच्या टेबलावर ठेवलं, कीबोर्ड जोडला, स्पीकर जोडले, आणि पडद्याच्या जागी समोर नुसती ओली भिंत असताना माझी आवडती सीडी आत घातली. प्रश्न मला पाठ होते. ड्राइव्हची घुंई थांबली की पहिला प्रश्न आला. बाण खाली, एंटर. पुन्हा घुंई. डोळे मिटून बसले तर जास्त बरं जमतं असं लक्षात आलं, कारण भिंत दिसली की रडू यायचं. मी आख्खी डिस्क वापर म्हणून सांगितलं, म्हणजे संतोषच्या भागासकट. ते करताना मला फार बरं वाटलं. पहिल्या दिवशी मध्येच कुठेतरी चुकलं आणि मशीन मुकं झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी वेगळा मार्ग धरला. प्रत्येक प्रश्नानंतर जास्त थांबायचं, ड्राइव्हचा आवाज पुरता बसू द्यायचा, घाई करायची नाही. भाकरी भाजताना आई जशी वास येईपर्यंत हात लावत नाही, तसं. आणि एका दुपारी, पलीकडे काकी मसाला कांडत असताना, सीडी आपोआप बाहेर आली, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आणि त्या मुक्या खोलीत ढोलकीवरची चार बोटं वाजली.

पलीकडचं कांडण थांबलं. मी स्पीकरचं तोंड भिंतीकडे फिरवलं, आवाज वाढवला, आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तोच सूर. भिंतीपलीकडे संतोषचा आवाज आला, "आई, हिला पडदा कुटनं मिळाला?" मला कसलाही पडदा मिळाला नव्हता. त्या मशीनचा मला काडीचा उपयोग नव्हता. आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. पण त्याच्या आवाजातली ती आग ऐकून मी ठरवलं की हे रोज करायचं. रोज दुपारी, पलीकडे जेवणं चालली असताना, मी तो सूर वाजवू लागले. त्यांच्याकडे सुकट भाजल्याचा वास इकडे यायचा, आमच्याकडून हा सूर तिकडे जायचा.

मग एक दिवस तात्या वहाणा न काढता आमच्या दारात आले. "वाटनीच्या आधी पैका दडवला व्हतास नव्हं?" ते अण्णांवर ओरडले. "त्याबिगर नवा टीव्ही आला कुटनं?"

"कसला टीव्ही? ये, बघ की घरात," अण्णा म्हणाले. तात्यांनी घर बघितलं. पलंगाखाली बघितलं, धान्याच्या कणगीमागे बघितलं. टीव्ही नव्हता. टेबलावर नुसतं खोकं, आणि ते त्यांच्यासमोर वाजलं. तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्या घरातला टीव्ही वाटणीपासून एकदाही उजळला नव्हता, आणि इथे खोकं एकटं गात होतं. "म्हंजे खरा माल खोकं व्हतं!" ते म्हणाले. "मला काच देऊन गंडवलं!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मामा आले. अंगणात घोंगडी अंथरली, शेजारपाजारची जाणती माणसं येऊन बसली. तात्या म्हणत होते वाटे चुकीचे लावले. अण्णा म्हणत होते, मी लावले, तू उचललास, सगळ्यांदेखत हात ठेवलास. मामांनी दोघांचं ऐकून घेतलं, तंबाखू थुंकली आणि म्हणाले, "आदी मला दावा. काय चालतंय नि काय न्हाई ते. टीव्ही आना रं." टीव्ही आणायचं संतोषवर आलं. ते काचेचं जड धूड छातीशी धरून तो भिंतीला वळसा घालून अंगणभर चालत आला, वर क्रोशाचा रुमाल तसाच. मी काही त्याच्या मदतीला उठले नाही. खोक्यासकट टेबल आम्ही पडवीत काढून ठेवलं होतं; त्यावर त्याने ते टेकवलं आणि मी वायर जोडली. दोन कुंकवांचे डाग तसेच होते.

सूर वाजला. पडदा उजळला. पडद्यावर एकही अक्षर मला वाचता येईना. इंग्रजी नव्हती, मराठी तर नव्हतीच. उलटा आर, घराच्या आकाराचं कसलं तरी अक्षर, खिडकीसारखं दुसरं. एका क्षणात उमगलं. भाषेच्या प्रश्नाला माझा बाण आंधळेपणी कुठल्या कुठे गेला होता, आणि गेले कितीतरी दिवस मी भिंतीपलीकडच्या लोकांना कुठल्या तरी परक्या मुलखाच्या भाषेत डिवचत होते.

"हे काय हाय?" संतोष म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आलं. "माजं विंडोज कुटं गेलं? माजे गेम?"

"पुसले," मी म्हणाले. "खोकं माज्या वाट्याला आलं. आतलं बी माजंच."

"आन् हे? हे वाचाया येतंय व्हय तुला?"

"येतंय की."

सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मामा टेबलाशी येऊन उभे राहिले. मला एक अक्षर येत नव्हतं, पण जागा पाठ होत्या. कोपऱ्यातलं हे बटण, मग वरून तिसरी ओळ, मग तिच्यातलं शेवटचं. न अडखळता मी चित्रं काढायचा कागद उघडला आणि माऊसने आमचं घर काढलं; दोन दारं, नळ, फणसाचं झाड, आणि मधोमध भिंत. "आरं, फनस!" मामा वाकून म्हणाले. "हे तर तुमचंच घर. पोरीनं काडलं की रं." माणसं हसली. संतोष हसला नाही. त्याला कळलं होतं की मी थापा मारते आहे, पण ते सिद्ध करायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

"मंग झालं तर," तात्या उसळून म्हणाले. "खोकं आमाला पायजे. पोरीला काय करायचंय त्याचं? दिवाळीनंतर लगीन करून जाईल परक्याच्या घरी. संतोष तरी शिकंल त्याच्याव."

अण्णा उठले. एवढा वेळ ते शांत होते, पण आता त्यांच्या मानेची शीर उभी राहिली होती. त्यांनी खोक्यामागच्या सगळ्या वायरी एका हिसक्यात उपटल्या, खोकं उचललं आणि तात्यांच्या पुढ्यात घोंगडीवर आदळलं. "घे!" ते म्हणाले. "टीव्ही बी तुला, खोकं बी तुला. बसव तुज्या नापासाला त्याच्याम्होरं जन्मभर. माज्या पोरीला न्हाई गरज खोक्याची. माजी पोरगी कालेजात जानार हाय!"

मी अण्णांकडे बघितलं, आणि मला स्वच्छ दिसलं की हे वाक्य त्यांच्या मनात सकाळी नव्हतं, मघाशीही नव्हतं. ते तात्यांच्या तोंडावर मारायला हाताशी सापडलं म्हणून उचललं होतं. संध्याकाळपर्यंत ते विसरले असते. म्हणून मी श्वास घ्यायलाही थांबले नाही.

"कुटल्या कालेजात, अण्णा?" मी मोठ्याने विचारलं.

त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेले नाही. तात्यांवरचा सगळा राग त्या नजरेत होता, आणि तो माझ्यावर होता. पण माणसं बसली होती. तात्या ऐकत होते. अण्णांनी मान वळवली, समोर ढगांतून लवळ्याचा डोंगर निघत होता, त्यांनी त्याच्याकडे बोट केलं. "त्या."

"लवळ्याला?" मामा म्हणाले. "लई मोटं कालेज हाय ते."

"म्हनूनच," अण्णा म्हणाले. "हितल्या सगळ्यांना दारातनं दिसंल."

"मानसांम्होरं बोललास," मामा म्हणाले आणि खाली बसले. "आता च्या आना."

पुढच्या वर्षी प्रवेश उघडले तेव्हा अण्णांनी मला लवळ्याला नेलं. दोघं रिक्षात बसलो होतो, त्यांनी पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. चढ लागला तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. "तुला शिकवायचं म्हनून न्हाई नेत. तोंडातनं शबूद गेला म्हनून नेतोय. तात्यानं तोंड घातलं नसतं, तर तू आज मांडवात उभी असतीस." मी म्हणाले, "ठाव हाय." पुढे नोकरीतल्या एका समारंभात मला माझ्या यशाचं श्रेय कुणाला, असं विचारलं, आणि माझ्या आधी बोललेल्या सगळ्या बाया वडिलांचा पाठिंबा, आईचे आशीर्वाद असं सांगत होत्या. मी म्हणाले, माझ्या वडिलांचं त्यांच्या भावाशी वैर होतं, त्याची मी ऋणी आहे. लोकांना वाटलं मी विनोद केला. घोटावड्याचे पाहुणे दिवाळीनंतर आलेच नाहीत, अण्णांनीच नको म्हणून कळवलं. ते आले असते तर अण्णांनी माघार घेतली असं तात्यांना दिसलं असतं ना.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्याच महिन्यात मला कळलं की ती अक्षरं रशियन होती, आणि भाषा बदलायची जागाही सापडली. कोपऱ्यातलं बटण, मग एक ओळ, मग आणखी एक, आणि सगळं इंग्रजीत. पाणी प्यायला लागेल तेवढाही वेळ नाही. पलीकडे संतोषकडे आता टीव्हीही होता आणि खोकंही, सगळं जोडलेलं, आणि त्यातलं एक अक्षर त्याला लागत नव्हतं. हिंजवडीच्या कुठल्याही पोराला बोलावलं असतं तर त्याने बसल्या बैठकीला विंडोज टाकून दिलं असतं. पण त्यासाठी आधी 'मला येत नाही' असं म्हणावं लागलं असतं, आणि आमच्या घरात, भिंतीच्या या बाजूला किंवा त्या बाजूला, हे वाक्य कुणी जन्मात उच्चारलेलं नाही.

संध्याकाळी मी लवळ्याहून परत आले की अंगणातल्या नळावर पाय धुवायचे. त्याच सुमाराला पलीकडे मशीन चालू व्हायचं. ढोलकीवरची चार बोटं वाजायची. मग बराच वेळ काहीच नाही, एखादं बटण दाबल्याचा आवाज, पुन्हा शांतता. संतोष तिथे बसलेला असायचा, मला ठाऊक होतं. कुठे दाबायचं ते मी भिंतीपलीकडून नुसतं ओरडून सांगितलं असतं तरी त्याला ऐकू गेलं असतं. थोड्या वेळाने भिंतीवरचं बटण खाली पाडल्याचा खट्ट आवाज यायचा. मी पाय पुसायचे आणि आत जेवायला जायचे.